दादासाहेब मावळंकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागरिकशास्त्र शिकवतो. संसदेचा धडा आला की दरवर्षी त्याच शंका निघतात आणि त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं फिरून एकाच माणसापाशी येतात. तो माणूस म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर. पुस्तकात त्यांच्यावर एकच ओळ असते, 'लोकसभेचे पहिले अध्यक्ष'. ती पाठ होते आणि माणूस मात्र राहून जातो. म्हणून विद्यार्थी, पालक आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे जे प्रश्न विचारत आले, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

मावळंकर म्हणजे नेमके कोण, थोडक्यात सांगाल का?

अहमदाबादचे वकील, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष, १९३७ पासून मुंबई प्रांताच्या विधानसभेचे पहिले अध्यक्ष, १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि १९५२ पासून लोकसभेचे पहिले अध्यक्ष. जन्म २७ नोव्हेंबर १८८८, बडोदा. मृत्यू २७ फेब्रुवारी १९५६, अहमदाबाद. लोक त्यांना 'दादासाहेब' म्हणत. नेहरूंनी त्यांना 'लोकसभेचे जनक' म्हटलं होतं.

ते मराठी की गुजराती?

घराणं कोकणातलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं मावळंगे हे मूळ गाव, आडनाव त्यावरूनच आलं. (काही ठिकाणी 'मावळणकर' असंही छापलेलं दिसतं. माणूस एकच.) सुरुवातीचं काही शिक्षण राजापुरात झालं. १९०२ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला गेले, गुजरात कॉलेजातून १९०८ साली पदवी घेतली, मुंबईला कायदा शिकले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली करू लागले. त्यानंतरचं सारं सार्वजनिक आयुष्य त्या शहराशी बांधलेलं. त्यांनी पुस्तकंही गुजरातीत लिहिली, त्यांतलं एक तुरुंगात भेटलेल्या कैद्यांबद्दल आहे.

माझं मत विचाराल तर 'मराठी की गुजराती' हा प्रश्नच त्यांच्या काळाला लागू पडत नाही. मुंबई प्रांत तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकचा काही भाग मिळून एकच होता. कोकणातलं घराणं, बडोद्यात जन्म, राजापुरात शाळा आणि अहमदाबादेत वकिली हा त्या प्रांतातला अगदी सरळ रस्ता होता. नंतर राज्यं वेगळी झाली. मग महाराष्ट्राने त्यांना गुजरातचे म्हणून सोडून दिलं याची मात्र खंत वाटते.

वकिली चांगली चालत असताना ते राजकारणात कसे आले?

याची एक आठवण त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे आणि ती वर्गात सांगितली की मुलं कान टवकारतात.

अहमदाबादेत 'गुजरात क्लब' होता. कोर्ट सुटलं की वकील मंडळी तिथे जमायची. पत्ते, गप्पा, चहा. एका टेबलावर वल्लभभाई पटेल ब्रिज खेळत बसलेले असायचे. तेव्हा ते सरदार नव्हते, शहरातले नामांकित फौजदारी वकील होते. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी एकदा क्लबात बोलायला आले. मावळंकर ऐकायला म्हणून उठले, तर वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली. तिकडे जाऊन काय मिळणार, गव्हातले खडे निवडता येतात का एवढंच तो गृहस्थ विचारेल आणि त्यातून म्हणे स्वराज्य येणार, अशा अर्थाचं ते बोलले. मावळंकर तरीही गेले. थोड्याच काळात थट्टा करणारेही गेले आणि खेडा सत्याग्रहात गांधीजींचे उजवे हात ठरले.

मावळंकरांची वाट मात्र वल्लभभाईंसारखी धडाडीची नव्हती. १९१६ मध्ये ते 'गुजरात सभा' या संस्थेचे चिटणीस झाले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात काम केलं. १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वागत समितीचे ते सरचिटणीस होते. नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, त्यांच्या जागी हकीम अजमल खान बसले. हजारो माणसांची राहण्याजेवणाची सोय, मांडव, हिशेब हे सगळं चिटणिसाच्या गळ्यात येतं. पुढच्या काळातला नियम-पोटनियम बारकाईने पाहणारा अध्यक्ष इथे घडत होता असं मला वाटतं. सभा घेणारा माणूस वेगळा आणि सभा नीट चालवणारा वेगळा. मावळंकर दुसऱ्या जातीचे.

नगरपालिकेतलं काम पुढे उपयोगी पडलं का?

नक्कीच पडलं. १९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. वल्लभभाईंनीही १९२४ ते १९२८ तीच खुर्ची सांभाळली होती. पाणी, गटार, रस्ते, शाळा यांवरचे वाद फार जवळून होतात. विरोध करणारा सभासद शेजारच्या गल्लीतला असतो आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो. अशा सभेत अध्यक्ष चिडला तर काम बसतं.

१९३७ ची मुंबई विधानसभा कशी होती?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली. मुंबईत १७५ जागांची विधानसभा आणि तिच्यावर विधान परिषद अशी दोन सभागृहं आली. मतदानाचा हक्क सर्वांना नव्हता, मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून आधी सरकार बनवायला तयार नव्हता. म्हणून एप्रिल १९३७ मध्ये सर धनजीशा कूपर यांचं तात्पुरतं मंत्रिमंडळ आलं. जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांनी सूत्रं घेतली. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या वेळी 'पंतप्रधान' म्हणत, जुनी वर्तमानपत्रं वाचताना गोंधळू नका.) त्याच महिन्यात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये सभागृह बसलं आणि अहमदाबादचे प्रतिनिधी मावळंकर अध्यक्ष म्हणून निवडले गेले.

आता त्या सभागृहात समोर कोण बसलं होतं ते पाहा. सरकारी बाकांवर खेर, कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई. विरोधात स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तसेच जमनादास मेहता. सगळे कसलेले बोलणारे आणि त्यांतले बरेच कायद्याचे जाणकार. नियमाचं बोट जरा सुटलं तर तिथल्या तिथे पकडणारी ही मंडळी.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत सरकारसाठी सारा गोळा करायचा आणि कुळांना वेठीला धरायचा, ही कोकणातली व्यवस्था होती, रत्नागिरी जिल्ह्यात तर फारच घट्ट. विधेयक मांडणाऱ्या आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातलं आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं मावळंगेही त्याच जिल्ह्यातलं. ते विधेयक तेव्हा कायदा झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

पुढच्या वर्षी औद्योगिक तंट्यांचं विधेयक आलं. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा येते म्हणून आंबेडकर आणि जमनादास मेहता त्यावर तुटून पडले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. बाहेर रस्त्यावर संप आणि आत सभागृहात कलमावर कलम, अशा वेळी खुर्चीत बसलेल्या माणसाची कसोटी लागते. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा, विधेयक त्याच पक्षाचं, आणि तरी समोरच्या बाकाला बोलायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. दिल्लीत पुढे जे मावळंकर दिसतात ते या दोन वर्षांत तयार झाले, असं माझं ठाम मत आहे.

'अध्यक्ष' बरोबर की 'सभापती'?

मराठीत आज विधानसभेला आणि लोकसभेला अध्यक्ष, तर विधान परिषदेला आणि राज्यसभेला सभापती. परीक्षेत हेच लिहा. गंमत अशी की १९४६ मध्ये मावळंकर मुंबईहून दिल्लीला गेले तेव्हा त्यांच्या पदाचं इंग्रजी नाव 'स्पीकर' वरून 'प्रेसिडेंट' झालं, कारण मध्यवर्ती कायदेमंडळ जुन्या कायद्यावर चालत होतं. पुढच्याच वर्षी ते परत 'स्पीकर' झाले.

१९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मग मावळंकर १९४६ पर्यंत अध्यक्ष कसे?

दुसऱ्या महायुद्धात भारताला न विचारता ओढलं गेलं म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले. मुंबईचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला, विधानसभेचं कामकाज थांबलं. पण अध्यक्षपद मंत्रिमंडळाबरोबर पडत नसतं. पद कागदोपत्री चालू राहिलं आणि अध्यक्ष मात्र १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ चं आंदोलन यांत तुरुंगात गेले. एका प्रांताच्या विधानसभेचा अध्यक्ष त्याच प्रांताच्या तुरुंगात. परकीय राज्यातल्या स्वायत्ततेला किती अर्थ होता, हे मुलांना समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

'तीन मतांनी जिंकले' असं वाचलं. ती कुठली निवडणूक?

२४ जानेवारी १९४६, दिल्लीचं मध्यवर्ती कायदेमंडळ. समोर सर कावसजी जहांगीर. सरकार त्यांच्या बाजूने होतं, मुस्लीम लीगची मतंही तिकडे होती. काँग्रेसकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. मावळंकरांना ६६ मतं पडली, कावसजींना ६३.

अशा काठावरच्या निकालानंतर खुर्चीत बसणं सोपं नसतं. अर्ध्या सभागृहाने तुम्हाला नाकारलेलं असतं आणि ती माणसं रोज समोर असतात.

१५ ऑगस्ट १९४७ ला त्यांच्या पदाचं काय झालं?

ते गेलं. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री स्वातंत्र्याच्या कायद्याप्रमाणे जुनं कायदेमंडळ संपुष्टात आलं आणि त्याबरोबर त्याच्या अध्यक्षाचं पदही. सगळी सत्ता घटना समितीकडे आली. पण घटना समितीने घटना लिहायची की रोजचे कायदे करायचे? याचा विचार करायला एक समिती नेमली, तिचे प्रमुख मावळंकरच होते. दोन्ही कामं वेगळी ठेवावीत आणि कायदे करायला बसताना स्वतंत्र अध्यक्ष असावा असं ठरलं. त्याप्रमाणे १७ नोव्हेंबर १९४७ रोजी कायदे करणाऱ्या बैठकीचे अध्यक्ष म्हणून मावळंकर निवडले गेले. घटना लिहिणाऱ्या बैठकीत राजेंद्रप्रसाद, कायद्याच्या बैठकीत मावळंकर, सभासद तेच. १९५० ते १९५२ च्या हंगामी संसदेतही तेच अध्यक्ष राहिले.

१९५२ मध्ये ते बिनविरोध निवडून आले का?

नाही. १५ मे १९५२ रोजी रीतसर मतदान झालं. विरोधी पक्षांचे उमेदवार होते शंकर शांताराम मोरे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. मावळंकरांना ३९४ मतं, मोऱ्यांना ५५. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी नावं आमनेसामने होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

लोकसभेत त्यांनी नवीन असं काय आणलं?

आज टीव्हीवर अधिवेशन पाहताना जी नावं कानावर पडतात त्यांतली बरीचशी त्यांच्या काळात रुजली. अर्धा तास चर्चा, अल्पकालीन चर्चा, लक्षवेधी सूचना, कामकाज सल्लागार समिती. सगळ्यांवर लिहीत बसलो तर पान पुरणार नाही. तीन गोष्टी मात्र नीट समजून घ्या.

पहिली, लोकलेखा समिती. सरकारने पैसा जसा मंजूर झाला तसाच खर्च केला का, हे ही समिती तपासते. इंग्रजांच्या काळात तिचा अध्यक्ष कोण असायचा? स्वतः अर्थखात्याचा प्रमुख. ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासनीस! १९५० नंतर हे बदललं, मंत्र्याला समितीत जागा राहिली नाही आणि समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. त्याच वर्षी अंदाज समितीही सुरू झाली.

दुसरी, १९५३ मधली शासकीय आश्वासन समिती. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री उभे राहून म्हणतात, 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो', 'तपासून पाहू', 'विचार चालू आहे'. प्रश्न विचारणारा खाली बसतो, अधिवेशन संपतं, विषय विरून जातो. ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सगळीकडे हेच घडतं. मावळंकरांच्या काळात ठरलं की सभागृहात दिलेला प्रत्येक शब्द नोंदवायचा आणि तो पाळला गेला का, हे एका समितीने पाहत राहायचं. मंत्र्याच्या तोंडच्या कोणत्या वाक्याला 'आश्वासन' मानायचं, याचीही यादी आहे. माझ्या मते हे त्यांच्या काळातलं सर्वांत लोकोपयोगी पाऊल. त्याला भव्यता नाही, पण हिशेबाची वही आहे.

तिसरी, स्थगन प्रस्तावाबद्दलची त्यांची भूमिका. पारतंत्र्यात विरोधकांच्या हाती फारशी हत्यारं नव्हती. कामकाज थांबवून सरकारची निंदा करायची तर स्थगन प्रस्ताव, त्यामुळे तो ऊठसूट यायचा. मावळंकरांचं म्हणणं असं की आता सरकार याच सभागृहाला जबाबदार आहे, ते पाडताही येतं, म्हणून हे हत्यार खरोखरच्या तातडीसाठी राखून ठेवा. विरोधक यावरून त्यांच्यावर नाराज असत. पण त्यांनी एक दार अरुंद केलं तेव्हा अल्पकालीन चर्चा आणि लक्षवेधी ही दोन नवी दारं उघडली, हेही सांगायला हवं.

वटहुकुमांवरून त्यांचं आणि सरकारचं वाजलं होतं म्हणतात?

'वाजलं' हा शब्द जास्त होईल. पण त्यांनी लेखी बजावलं होतं. अधिवेशन चालू नसेल आणि तातडीची गरज असेल तर राष्ट्रपती सरकारच्या सल्ल्याने वटहुकूम काढतात. संसद पुन्हा बसल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. ही सोय अडीअडचणीसाठी आहे. मावळंकरांनी १९५० मध्ये सरकारला आणि १९५४ मध्ये थेट नेहरूंना लिहिलं. मुद्दा असा की वटहुकूम मुळातच लोकशाहीशी विसंगत आहे. वेळ नाही एवढ्या कारणावर तो काढू नये, नाहीतर संसदेकडे फक्त शिक्का मारण्याचं काम उरेल.

हे लिहिणारा माणूस कोण, तर त्याच पक्षाचा, नेहरूंचा तीस वर्षांचा सहकारी. पत्रं खाजगी होती, सभागृहात आरडाओरडा नव्हता. पुढे नियमच झाला की वटहुकुमाच्या जागी विधेयक आणताना तो का काढावा लागला याचं निवेदनही सभागृहापुढे ठेवायचं. हा नियम आजही आहे.

विरोधी पक्षनेत्यासाठी 'दहा टक्के' ही अट त्यांनीच घातली ना?

दरवर्षी सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर काळजीपूर्वक वाचा.

पहिल्या लोकसभेत काँग्रेसच्या ३६४ जागा होत्या. विरोधात लहान लहान पक्ष, त्यांतला सर्वांत मोठा कम्युनिस्टांचा आणि त्याच्याही १६ जागा. या सगळ्यांना बसायची जागा, बोलायचा वेळ, कार्यालयासाठी खोली कशाच्या आधारावर द्यायची? मावळंकरांनी ठरवलं की सभागृहात 'पक्ष' म्हणून मान्यता हवी तर स्वतःचा कार्यक्रम हवा, सभागृहाच्या आत आणि बाहेर संघटना हवी आणि गणपूर्तीइतकी, म्हणजे एकूण सभासदांच्या एक दशांश इतकी संख्या हवी. तर्क सरळ होता. जो पक्ष एकट्याच्या बळावर सभागृह चालू ठेवू शकतो, तो उद्या सरकार चालवण्याचा दावा करू शकतो.

म्हणजे अट होती पक्षाच्या मान्यतेसाठी. विरोधी पक्षनेत्याचं पद कायद्याने आलं १९७७ मध्ये आणि त्या कायद्यात दहा टक्के असा आकडा कुठेच नाही. सर्वांत जास्त संख्येचा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. तरीही प्रथा म्हणून जुना आकडा पुढे येतो. २०१४ मध्ये लोकसभेत काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या, ५५ लागत होत्या, पद मिळालं नाही. उलट २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेत ७० पैकी अवघ्या ३ जागा असलेल्या भाजपच्या नेत्याला तिथल्या अध्यक्षांनी मान्यता दिली. आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर आपल्या २८८ च्या विधानसभेत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला २० जागा मिळाल्या, तेव्हा २९ चा आकडा प्रत्येक बातमीत झळकू लागला.

मला एवढंच म्हणायचं आहे की मावळंकरांच्या नावावर हा नियम सांगताना त्यांचा हेतूही सांगा. विखुरलेल्या विरोधकांनी एकत्र येऊन सशक्त पक्ष बनवावा, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्या नियमाचा वापर समोरचा बाक रिकामा ठेवण्यासाठी होत असेल तर तो त्यांच्या नावावर खपवू नये.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली होती का?

नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. इंग्लंडात अध्यक्ष झालेला माणूस पक्षाशी संबंध तोडतो. त्या बदल्यात पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. मावळंकरांचं म्हणणं होतं की आपल्याकडे दुसरी बाजू अस्तित्वातच नाही. अध्यक्षाने पक्ष सोडायचा आणि पाच वर्षांनी मतदारसंघात एकट्याने लढायचं, ही अपेक्षा न्याय्य नाही. म्हणून अध्यक्षाविरुद्ध उमेदवार न देण्याची प्रथा आधी पडावी, यासाठी ते आग्रही होते. तोवर ते काँग्रेसचे सभासद राहिले, पण सभागृहात वादाला येणाऱ्या विषयांवरच्या पक्षबैठकांपासून दूर राहिले.

१९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी पक्षाचा राजीनामा दिला. ते जास्त शोभून दिसलं हे खरं. तरी मावळंकरांची भूमिका मला प्रामाणिक वाटते, कारण त्यांनी आपली अडचण उघडपणे मांडली. प्रथा काही पडली नाही आणि आज पक्षांतराच्या खटल्यांत अध्यक्षांचे निर्णय कोर्टात जातात तेव्हा त्या अपुऱ्या राहिलेल्या कामाची आठवण होते.

त्यांच्यावर अविश्वास प्रस्ताव आला होता, हे खरं का?

खरं. त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव १८ डिसेंबर १९५४ रोजी समाजवादी सदस्य विघ्नेश्वर मिसिर यांनी मांडला. लोकसभेच्या इतिहासातला असा पहिलाच. अध्यक्ष निःपक्षपातीपणे वागत नाहीत, हा आरोप. घटनेप्रमाणे अशा चर्चेच्या वेळी अध्यक्षांना खुर्चीत बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवलं. नेहरू मावळंकरांच्या बाजूने कळकळीने बोलले, ठराव फेटाळला गेला. ठराव आला, त्यावर भरसभागृहात चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशीपासून तेच अध्यक्ष त्याच विरोधकांना बोलायला उभं करत राहिले. मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही.

मुद्गल प्रकरण काय होतं?

हंगामी संसदेतले मुंबईचे सभासद एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैशाच्या बदल्यात संसदेत प्रश्न विचारण्यासारखी कामं केल्याचा आरोप होता. १९५१ मध्ये नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला. समितीने वर्तन सभासदाला न शोभणारं ठरवलं. हकालपट्टीची तलवार डोक्यावर असताना मुद्गल यांनी राजीनामा दिला. सत्ताधारी पक्षाने आपल्याच माणसाची चौकशी मागितली आणि अध्यक्षांनी ती रीतसर पार पडू दिली, म्हणून हे प्रकरण आजही दाखला म्हणून काढलं जातं.

नेमबाजीतली 'मावळंकर स्पर्धा' त्यांच्याच नावाची का?

हो. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष तेच. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. माझा एक विद्यार्थी नेमबाजी करायचा. 'सर, मावळंकर क्लिअर झालं' असं तो धावत येऊन सांगायचा. ते कोण, हे त्याला नागरिकशास्त्राच्या तासाला कळलं.

त्यांचा शेवट कसा झाला? घरातलं कुणी राजकारणात होतं का?

१९५६ च्या सुरुवातीला हृदयविकाराने गाठलं आणि २७ फेब्रुवारीला, पदावर असतानाच, ते गेले. वय ६७. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत पत्नी सुशीलाबाई अहमदाबादहून लोकसभेवर बिनविरोध गेल्या. चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर १९७२ मध्ये अपक्ष खासदार झाले आणि आणीबाणीत लोकसभेत उभे राहून तिच्याविरुद्ध बोलले.

लोकसभेला एकूण मराठी अध्यक्ष किती मिळाले?

मावळंकर, शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि सुमित्रा महाजन. शिवराज पाटील लोकसभेआधी महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते, म्हणजे मावळंकरांच्याच वाटेने गेले. सुमित्राताई इंदूरच्या खासदार, पण माहेर चिपळूणचं. रत्नागिरी जिल्ह्याशी नातं असलेले दोन अध्यक्ष आणि दोघांचेही मतदारसंघ महाराष्ट्राबाहेरचे.

त्यांचं काम प्रत्यक्ष वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

सभागृहाच्या कामकाजापासून. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या आणि त्या वेळच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात शब्दशः मिळतात. १८ डिसेंबर १९५४ चा दिवस आधी उघडा. मुंबईचा काळ पाहायचा असेल तर महाराष्ट्र शासनाने छापलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड घ्या, त्यात त्यांची मुंबई कायदेमंडळातली भाषणं आहेत. आंबेडकर बोलत असतात, मध्येच कुणीतरी हरकतीचा मुद्दा घेतं आणि अध्यक्षांचं एखाद-दुसरं छोटं वाक्य येतं. ती वाक्यं वगळून पुढे जाऊ नका. पेन्सिलने खूण करत वाचा.